अक्षरे अडली म्हणून डोके अडत नाही

विद्यार्थिमित्रहो, आधी एक गुणाकार करा पाहू. ७४९ गुणिले ८६७. कागद-पेन्सिल घेतली तरी चालेल, गणकयंत्र मात्र नको. उत्तर ६,४९,३८३ यायला हवे. ज्यांचे पहिल्या झटक्यात बरोबर आले त्यांनी स्वतःची पाठ थोपटून घ्यावी, आणि ज्यांचे चुकले त्यांनी हातचे पुन्हा तपासावेत.

हाच गुणाकार १८९६ साली इंग्लंडमधल्या एका चौदा वर्षांच्या मुलाने भराभर आणि अचूक करून दाखवला होता. मुलाचे नाव पर्सी, आणि त्याची परीक्षा घेणारे होते प्रिंगल मॉर्गन नावाचे डॉक्टर. बीजगणितातले एक सूत्रही पर्सीने नीट सोडवले. मग डॉक्टरांनी त्याच्यापुढे लहान मुलांचे एक सोपे पुस्तक ठेवले आणि एक वाक्य वाचायला सांगितले. 'अँड', 'द', 'ऑफ' असल्या चिमुकल्या शब्दांपलीकडे पर्सीला एकही शब्द धड वाचता आला नाही. स्वतःचे नाव लिहिताना त्याने मधल्या दोन अक्षरांची अदलाबदल केली आणि पुन्हापुन्हा विचारल्याशिवाय त्याच्या ते ध्यानातही आले नाही. डोळे उत्तम, कान उत्तम, वागणे चुणचुणीत. त्याच्या शिक्षकांचे म्हणणे असे, की सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. आणखी एक गंमत नोंदवलेली आहे : ७४९ ला ८६७ ने गुणणाऱ्या ह्या मुलाला ४ गुणिले अर्धा हे सोपे उदाहरण मात्र सुटले नाही. मेंदूचा कारभार असा विचित्र असतो.

डॉ. मॉर्गन यांनी ही हकीकत 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापली आणि ह्या अवस्थेला 'जन्मजात शब्दांधत्व' असे नाव दिले. आज आपण तिला डिस्लेक्सिया किंवा वाचन-अक्षमता म्हणतो. लिहिण्यातली तशी अडचण ती लेखन-अक्षमता, आकड्यांतली ती गणन-अक्षमता, आणि सर्वांना मिळून अध्ययन-अक्षमता असा शब्द आहे. शब्द मोठा भारदस्त आहे, पण तो फसवा आहे. 'अध्ययन-अक्षम' म्हटले की ह्या मुलाला शिकताच येत नाही असे वाटते. पर्सीला शिकता येत होते. त्याला शिकवण्याचा जो एकमेव दरवाजा शाळेने उघडा ठेवला होता, तोच नेमका त्याच्यासाठी अडत होता.

निरनिराळ्या पाहण्यांत अशा मुलांचे प्रमाण शेकडा पाच ते दहा असे आढळते. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात तीन ते सहा. आमच्या सटाण्याच्या कोणत्याही शाळेत, किंवा तुमच्या गावच्या शाळेत, मागच्या बाकांवर नजर टाका. वाचायची पाळी आली की ज्याला अचानक पाणी प्यायला जायचे असते, फळ्यावरचे उतरवून घेता घेता ज्याची तासिका संपते, आणि तरीही सायकलची चेन उतरली तर सगळी मुले ज्याला हाक मारतात, असा एखादा तुम्हांला आठवेलच. अशा प्रत्येकाला वाचन-अक्षमता असते असे नाही. पण काहींना ती असते, आणि 'लक्ष देत नाही', 'आळशी आहे' ह्या शेऱ्यांखाली ती वर्षानुवर्षे झाकली जाते.

वाचनाची अशी अडचण होते कशी? माणूस बोलू लागला त्याला लक्षावधी नाही तरी कितीतरी हजार वर्षे होऊन गेली. लेखनाची कला मात्र अवघी पाच-साडेपाच हजार वर्षांची आहे. मेंदूत वाचनासाठी म्हणून निसर्गाने वेगळी जागा राखून ठेवलेली नाही. पाहण्याचे आणि बोलण्या-ऐकण्याचे काम करणारे भाग एकमेकांना जोडून प्रत्येक मुलाला आपापली वाचनाची वाट तयार करावी लागते. बहुतेकांत ही वाट मेंदूच्या डाव्या गोलार्धात तयार होते, आणि सरावाने ती इतकी गुळगुळीत होते की पाटी दिसली रे दिसली की ती वाचली जाते. न वाचायचे ठरवले तरी जमत नाही. वाचन-अक्षमता असलेल्यांत ही वाट खडबडीत राहते. विशेषतः शब्दातले ध्वनी सुटे करून त्यांची अक्षरांशी सांगड घालणे त्यांना जड जाते. डोळ्यांचा दोष नाही, आणि बुद्धीचा तर मुळीच नाही.

आपली देवनागरी ह्या बाबतीत इंग्रजीपेक्षा पुष्कळ दयाळू आहे, कारण तिच्यात बहुतांशी जसे बोलावे तसे लिहिता येते. पण तिचेही काही खोडसाळ प्रकार आहेत. ऱ्हस्व वेलांटी ऐकू येते व्यंजनानंतर आणि काढायची मात्र त्याच्या आधी. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांच्यात फरक तो केवढासा! रफार तर अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो आणि उच्चारात आधी येतो. ज्याची वाचनाची वाट खडबडीत आहे त्याच्या गाडीला हे खड्डे जास्त जाणवतात.

येथे शिक्षकबंधूंसाठी एक सूचना करून ठेवतो. बागलाणातल्या पुष्कळ मुलांची घरची बोली अहिराणी वळणाची आहे. शाळेतल्या पुस्तकी मराठीत तिचे शब्द आणि प्रत्यय डोकावले तर ती वाचन-अक्षमता नव्हे. ती दुसरी भाषा शिकत असल्याची खूण आहे. उलट, 'घरची बोलीच तशी' म्हणून खऱ्या वाचन-अक्षमतेकडे डोळेझाक होते, असेही घडते. ओळखण्याची एक साधी रीत आहे : मूल घरच्या बोलीत गोष्ट नीट रंगवून सांगते का, ऐकलेले समजते का, आणि तरीही अक्षर पुढे आले की अडते का, हे पाहावे. अर्थात ही केवळ शंका घेण्याची रीत झाली. निदान प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञानेच करायचे असते, आणि असा तज्ज्ञ तालुक्याच्या गावी सहजासहजी मिळत नाही ही खरी अडचण आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. समजा, असाच एक मुलगा दहावीला दोनदा अडखळला आणि शाळा सुटली. वडिलांच्या शेतात कांदा लावला, डाळिंबाच्या बागेवर तेल्या रोग आला तेव्हा बाग उपटताना हातभार लावला, मग काही वर्षे माल वाहण्याची गाडी चालवली. आज तो तिशीचा आहे. आणि तो म्हणतो आहे, की मला संगणकाच्या आज्ञावल्या लिहायला शिकायचे आहे. क्लास परवडत नाही, कॉलेजात जायचे वय गेले, तेव्हा माझे मीच शिकेन. ऐकणारे काय म्हणतील? "तुला चार ओळींचा अर्ज शुद्ध लिहिता येत नाही, आणि तू प्रोग्रामर होणार?" गल्लीतले हसतील. कदाचित त्याचे जुने गुरुजीही हसतील.

माझे मत असे आहे, की हसणाऱ्यांना आज्ञावली म्हणजे काय तेच माहीत नाही. पण नुसते मत देऊन भागणार नाही. कारणे दिली पाहिजेत.

पहिले कारण चुकीविषयीचे आहे. शाळेत चूक म्हणजे निकाल. वही तपासून चार दिवसांनी, पेपर तपासून चार आठवड्यांनी लाल शाईची रेघ हाती येते, गुण गेलेले असतात आणि वर्गासमोर शोभा झालेली असते. संगणकाची तऱ्हा वेगळी. एक आज्ञा चुकीच्या स्पेलिंगाने टंका; संगणक क्षणात थांबतो आणि सांगतो की अमुक ओळीवरचा हा शब्द मला कळला नाही. पायथॉन नावाची एक लोकप्रिय संगणक-भाषा आहे. १९९१ साली ती पहिल्यांदा लोकांपुढे आली. तिच्या २०२१ पासूनच्या आवृत्त्या तर पुढे जाऊन विचारतात, "तुम्हांला अमका शब्द म्हणायचा होता का?" दुरुस्त करा, पुन्हा चालवा. पन्नास वेळा चुका, एकावन्नाव्या वेळीही ते यंत्र उसासा टाकत नाही. आणि ही सगळी उलाढाल तुमच्यात आणि त्याच्यात. शेजारच्या बाकावर कळत नाही. नामांकित प्रोग्रामरसुद्धा दिवसातून कितीतरी वेळा चुकतात. चूक शोधणे हा त्यांच्या कामाचाच भाग समजला जातो. जन्मभर चुकांचे ओझे वाहिलेल्या माणसाला ही केवढी मोकळीक आहे, ते ज्याने वर्गात उभे राहून अडखळत वाचले आहे त्यालाच कळेल.

शिवाय संगणकाची भाषा लहान असते. इंग्रजीत शब्द लाखांनी मोजावे लागतात, मराठीतही काही कमी नाहीत. पायथॉनचे राखीव शब्द अवघे पस्तीसच्या आसपास आहेत. 'इफ', 'एल्स', 'व्हाइल' असे हे शब्द चित्रासारखे ओळखीचे करून घेता येतात. आज्ञावली लिहिण्याच्या खिडकीत राखीव शब्द एका रंगात, आकडे दुसऱ्या रंगात दिसतात. दोन अक्षरे टंकली की उरलेला शब्द यंत्र पुढे करते. आणि लिहिलेले मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सोयीही आता साध्या फोनवर असतात. चलांना, म्हणजे बदलत्या राशींना, मराठी नावे देण्याची मुभा पायथॉनमध्ये आहे, आणि आज्ञावलीने विचारलेली संख्या कोणी देवनागरी अंकांत '१२' अशी टंकली तर तिचे संख्येत रूपांतर तिला करता येते. ही सोय आपल्याकडच्या किती शिक्षकांना ठाऊक आहे कोण जाणे.

दुसरे कारण मेंदूचे आहे, आणि येथे मला दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत. २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतील संशोधकांनी, आज्ञावली वाचत असताना मेंदूचा कोणता भाग कामाला लागतो हे चुंबकीय प्रतिमांच्या साहाय्याने पाहिले. अपेक्षा अशी, की 'भाषा' म्हणतात तर भाषेचे भाग उजळतील. प्रत्यक्षात मुख्यतः उजळले ते अवघड कोडी आणि तर्काची कामे करताना उजळणारे भाग, आणि तेही दोन्ही गोलार्धांत. भाषेच्या भागांचा वाटा अगदी थोडा निघाला. पर्सीच्या बाजूने ही मोठी साक्ष झाली.

पण त्याच वर्षी वॉशिंग्टन विद्यापीठातल्या दुसऱ्या एका गटाने वेगळा प्रश्न विचारला : नवशिक्यांपैकी पायथॉन लवकर कोण शिकते? तर्कशक्ती आणि स्मरणाची पकड यांचा वाटा सर्वांत मोठा निघाला. परंतु नवी भाषा शिकण्याची हातोटी हिचा वाटाही शेकडा १७ भरला, आणि आकडेमोडीच्या कौशल्याचा अवघा २. म्हणजे 'गणित कच्चे, तेव्हा संगणक नको' हे आपल्याकडचे पालुपद तर ह्या अभ्यासाने खोटेच ठरवले. पण भाषेची हातोटी कामी येते हेही त्यातून दिसते. तेव्हा ज्याला अक्षरांचा त्रास आहे त्याला सुरुवातीची चढण इतरांपेक्षा उभी लागेल, हे लपवण्यात अर्थ नाही. चढण उभी असणे आणि रस्ता बंद असणे यांत फरक आहे, एवढेच मला म्हणायचे आहे.

एक खड्डा तर मी नाव घेऊनच दाखवतो, कारण जाहिरातवाले तो दाखवत नाहीत. राखीव शब्द चुकला तर संगणक ओरडतो हे खरे. पण समजा, तुम्ही एका राशीला 'भाव' हे नाव दिले आणि पुढे तिच्यात नवी किंमत भरताना चुकून 'भव' टंकले. पायथॉन मुळीच ओरडणार नाही. तो 'भव' नावाचा नवा डबा मुकाट्याने तयार करील, त्यात नवी किंमत ठेवील, आणि जुना 'भाव' तसाच राहील. आज्ञावली चालेल, उत्तरही देईल, फक्त ते चुकीचे असेल. वाचन-अक्षमता असलेला माणूस नेमका येथे सापडतो. यावर तोड आहे. नावे एकमेकांसारखी दिसणार नाहीत अशी निवडावी. 'भाव' आणि 'भार' शेजारी ठेवू नयेत, 'दर' आणि 'वजन' ठेवावीत. नाव दुसऱ्यांदा हाताने टंकू नये, यंत्राने पुढे केलेले घ्यावे. चार-पाच ओळी लिहिल्या की लगेच चालवून पाहावे. आणि ज्याचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे असा एक हिशेब घालून ताळा करावा. ही पथ्ये डोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही त्याला पाळावीच लागतात; गंमत म्हणजे चांगले प्रोग्रामर सर्वांनाच ती पाळायला सांगतात.

अंगच्या एखाद्या उणिवेमुळे वाट बदलली आणि मग स्वतःच्या हिमतीवर शिकला, असा माणूस आपल्या मुलखाने पूर्वी पाहिलेला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ चा. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले, आणि तेथे लक्षात आले की त्यांना काही रंग ओळखताच येत नाहीत. रंगांधळा चित्रकार! दुसरा एखादा गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंगाची पेटी बाजूला ठेवली आणि जिथे रंग लागत नाही ते यंत्रांचे रेखाटन धरले. ते व्ही. जे. टी. आय. मध्ये शिक्षक झाले, मग बेळगावला त्यांनी सायकलचे दुकान काढले. यंत्रे समजून घ्यायची तर ती खोलायची, जोडायची आणि परदेशी मासिके धुंडाळायची, हा त्यांचा अभ्यासक्रम. १९०३ च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर बनवला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. रंगांधळेपणा आणि वाचन-अक्षमता ह्या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नका. सारखा आहे तो दरवाजा बदलण्याचा निर्णय.

वाचनाचा त्रास असलेल्यांपैकी पुढे विज्ञानात आणि यंत्रविद्येत मोठे काम केलेल्यांची नावेही आहेत. स्वित्झर्लंडचे जाक दुबोशे यांना २०१७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पाणी इतक्या झटकन गोठवायचे की त्याचे स्फटिक न होता काचेसारखे घन व्हावे, आणि मग त्यातले जैविक रेणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, हे त्यांचे काम. आपल्या परगण्यातला पहिला अधिकृत डिस्लेक्सियाग्रस्त मुलगा मीच, असे त्यांनी स्वतःच्या जीवनवृत्तात थट्टेने नोंदवून ठेवले आहे. अमेरिकेचे विल्यम ह्यूलेट यांनी १९३९ मध्ये डेव्हिड पॅकार्ड यांच्याबरोबर आपली कंपनी काढली आणि १९७२ मध्ये त्या कंपनीने खिशात मावणारे शास्त्रीय गणकयंत्र बाजारात आणले. ह्या ह्यूलेट यांनाही वाचनाचा त्रास होता.  ही नावे मी सांगतो खरी, पण जरा बिचकतच सांगतो. वाचन-अक्षमता म्हणजे लपलेली प्रतिभा, असा एक नवा समज अलीकडे पसरतो आहे. तोही जुन्या 'ढ' शिक्क्याइतकाच चुकीचा. अशी मुले इतर मुलांसारखीच असतात. काही फार हुशार, बहुतेक मध्यम, आणि मध्यम माणसालाही पोटापाण्याचे चांगले काम करण्याचा हक्क आहे.

म्हणून मला नोबेलवाल्यांपेक्षा जवळचे उदाहरण अधिक महत्त्वाचे वाटते. बीड जिल्ह्यातले दादासाहेब भगत हे दहावी आणि आयटीआय करून पुण्याला गेले आणि इन्फोसिसच्या अतिथिगृहात चहापाणी, साफसफाई अशी पडेल ती कामे करू लागले. आसपासचे लोक संगणकावर काम करताना पाहून त्यांनी चौकशी केली, नोकरी सांभाळून चलच्चित्रणाचे काम शिकले, पुढे संगणक-भाषाही शिकल्या आणि स्वतःची कंपनी काढली. २०२० च्या टाळेबंदीत गावी परतून त्यांनी गोठ्यात कामाची जागा थाटली, ही हकीकत वर्तमानपत्रांत पुष्कळ गाजली. त्यांना वाचन-अक्षमता होती असे मी म्हणत नाही. त्यांचा अडसर पदवी नसण्याचा होता. पण आमच्या त्या तिशीच्या तरुणापुढे दोन भिंती आहेत, त्यांतली एक ओलांडता येते हे त्यांनी दाखवले आहे.

आता तिसरे कारण, आणि माझ्या मते सर्वांत वजनदार. वाट बदलून आलेला माणूस रिकाम्या हाताने येत नाही. सटाण्याच्या बाजार समितीत कांद्याची गाडी घेऊन गेलेल्याला पट्टी म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. वजन किती भरले, लिलावात काय भाव पुकारला गेला, हमाली किती, तोलाई किती, गाडीभाडे किती, आणि शेवटी हातात काय. ह्या पट्टीची आज्ञावली मुंबईतल्या पदवीधराला लिहायला दिली, तर तो ती सफाईने लिहील, पण प्रश्न कोणते विचारायचे हे त्याला ठाऊक नसते. ओला माल आणि सुका माल यांत फरक धरायचा का? एकाच गाडीत दोन प्रतींचा कांदा असला तर? ज्याने पट्टीच्या कागदाकडे पाहत रात्र काढली आहे, त्याला हे प्रश्न आपोआप पडतात. आज्ञावली लिहिणे म्हणजे टंकणे नव्हे. काय घडते, कोणत्या क्रमाने घडते आणि कुठे बिनसू शकते हे आधी मनात स्वच्छ करणे होय. ते काम कागदावर चौकोन आणि बाण काढूनही करता येते, आणि पुष्कळदा तसेच करावे.

कोणी म्हणेल, आता तर यंत्रच आज्ञावल्या लिहून देते. तोंडी सांगावे आणि तयार मिळावे. मग शिकायचे कशाला? खरे आहे, अलीकडच्या बुद्धिमान यंत्रणा असे करतात आणि अक्षरांशी झगडणाऱ्याला त्यांचा मोठा आधार आहे. पण त्या बेधडक चुकीचेही लिहितात. मग टंकण्याचे कष्ट कमी होतात आणि तपासण्याचे वाढतात, आणि तपासायचे तर वाचावे लागते. म्हणजे आमच्या तरुणाचे एक ओझे उतरते आणि दुसरे चढते. नवशिक्यांच्या नोकऱ्यांचे पुढे काय होईल याबद्दलही जाणत्यांत एकमत नाही. म्हणून "सहा महिन्यांत शिका, लाखांनी कमवा" असल्या पाट्या पाहून कोणी बाग विकू नये, कर्जही काढू नये. हातचे काम सांभाळून रोज तासभर, वर्ष-दोन वर्षे, अशा बेताने शिकायचे. शिकण्याचे साहित्य फुकट मिळते. मिळत नाही ती सोबत. तेव्हा एक जोडीदार शोधावा, एकाने मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने विचार करावा, आणि मग अदलाबदल करावी.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, त्या तरुणाला तिशीपर्यंत थांबावे लागले याचा विचार आपण करायला हवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन-अक्षमतेचा समावेश आहे. शालान्त परीक्षेत अशा विद्यार्थ्यांना जादा वेळ, लेखनिक अशा सवलती आहेत. २००७ मध्ये 'तारे जमीं पर' ह्या चित्रपटाने घराघरांत हा विषय पोचवला. तरीही सवलत म्हटली की आपल्याकडे भुवया उंचावतात, जणू कोणी चोरवाटेने पुढे जातो आहे. चष्मा लावून परीक्षा देणाऱ्याविषयी आपण असे म्हणत नाही. कायद्याची वाट न पाहता वर्गातच करता येण्याजोग्या गोष्टी पुष्कळ आहेत. विज्ञानाच्या तासाला प्रश्न तोंडी विचारावा आणि उत्तर तोंडी स्वीकारावे. प्रकाश-संश्लेषणातली वेलांटी चुकली म्हणून झाड अन्न करायचे थांबत नाही, तेव्हा त्या तासाला गुण संकल्पनेला द्यावेत. मोठ्याने वाचायला लावणे ही शिक्षा म्हणून कधीही वापरू नये. आणि शाळेच्या संगणक-कक्षाची किल्ली केवळ पहिल्या दहा नंबरांना मिळत असेल, तर ती थोडे दिवस मागच्या बाकावर देऊन पाहावी. त्या कक्षात बहुधा दुसऱ्याने केलेल्या आज्ञावल्या वापरायलाच शिकवले जाते. स्वतःची एखादी पाच ओळींची आज्ञावली करायला द्यावी आणि शुद्धलेखन तपासण्याचे काम निदान तेवढ्यापुरते यंत्रावर सोपवावे.

तर मंडळी, वाचून झाले असेल तर आता करून पाहा. संगणक नसला तरी चालेल, वही पुरे. कांद्याच्या पट्टीची आज्ञावली मराठीत अशी लिहिता येईल : वजन विचार. दर विचार. वजनाला दराने गुण आणि त्याला 'एकूण' म्हण. हमाली, तोलाई आणि गाडीभाडे विचारून त्यांची बेरीज कर आणि तिला 'खर्च' म्हण. 'एकूण'मधून 'खर्च' वजा कर. जे उरेल ते शेतकऱ्याला देणे म्हणून छाप.

हिला आता खरे आकडे घालू. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा आणला. दर मिळाला किलोला एक रुपया. खर्च वजा झाला ५०९ रुपये ५१ पैसे. आपली आज्ञावली उत्तर देईल : २ रुपये ४९ पैसे. त्या शेतकऱ्याच्या पट्टीवरही हाच आकडा होता, म्हणजे ताळा जमला. आता खर्च तोच ठेवून दर ९० पैसे करा आणि पुन्हा चालवा. ४६० रुपये ८० पैशांतून ५०९ रुपये ५१ पैसे वजा करायचे आहेत. संगणक बिनतक्रार वजाबाकी करील आणि 'शेतकऱ्याला देणे' ह्या शब्दांपुढे उणे ४८ रुपये ७१ पैसे छापून मोकळा होईल. ह्या ठिकाणी आज्ञावलीत आणखी एक ओळ घालावी लागेल. ती कोणती, आणि ती कोणत्या ओळीच्या आधी यावी? वर्गात जो सर्वांत अडखळत वाचतो त्याला ही आज्ञावली मोठ्याने वाचून दाखवा आणि हा प्रश्न आधी त्याला विचारा.